शेंगदाणा, कोळंबी आणि 'ॲलर्जीची गोळी'

दादरला एखाद्या केमिस्टच्या काउंटरपाशी संध्याकाळी अर्धा तास उभं राहा. 'ॲलर्जीची गोळी द्या' हे वाक्य दोन-चारदा तरी कानावर पडेलच. एकाला धुळीने शिंका येतायत. एकाच्या मनगटावर नव्या घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ उठलंय. एकीचं दूध प्यायलं की पोट फुगतं. आणि एकाचे काल रात्री कोळंबीचं कालवण खाल्ल्यावर ओठ सुजले होते, घसा दाटल्यासारखा झाला होता, पण तासाभरात सगळं ओसरलं. चौघांच्याही हातात तीच स्ट्रिप पडते.

यातली दुधाची तक्रार बहुधा ॲलर्जी नाहीच. पट्ट्याखालचं पुरळ ॲलर्जी आहे, पण वेगळ्या जातीची. शिंकांनी माणूस बेजार होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. कोळंबीवाल्याने मात्र पुढच्या वेळी कोळंबी खाल्ली तर काय होईल ते सांगता येत नाही, आणि तेव्हा या गोळीवर विसंबून राहिला तर तो गोत्यात येईल. आपण हा शब्द इतका स्वस्त केलाय (मला गणिताची ॲलर्जी, मला पाहुण्यांची ॲलर्जी) की खरी ॲलर्जी असलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, नखरे आहेत.

माझ्या मावसबहिणीला शेंगदाणा चालत नाही. एका एकादशीला पार्ल्यात एका घरी आम्ही फराळाला गेलो होतो. यजमानीणबाईंनी आठवणीने तिला सांगितलं, "तू खिचडी घेऊ नकोस हं, तुझ्यासाठी बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर आहे." कोशिंबिरीत दाण्याचं कूट होतं. कूट म्हणजे शेंगदाणा हे त्या माउलीच्या डोक्यातच आलं नाही, कारण आपल्याकडे कूट हा पदार्थ नाहीच, ते मिठासारखं असतं. दहा मिनिटांत हिच्या अंगावर गांधी उठल्या. कोणी म्हणालं पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. कोणी पर्समधली गोळी काढून दिली. गोळी 'लागू पडण्याची' वाट बघत सगळे पंखा घालत बसलो, आणि ती बोलता बोलता शब्द गिळायला लागली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं आणि पाच-सात मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की तिथल्या लहान मुलांमधली शेंगदाण्याची ॲलर्जी ४० टक्क्यांहून जास्त घटली आहे, आणि त्याचं कारण म्हणजे बाळांना शेंगदाणा लवकर भरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे बातमी वाचून अनेकांचा प्रश्न एकच होता: शेंगदाण्याने माणूस मरतो? मरू शकतो. कसा, ते बघू.

## उंदराचा सापळा

चाळीत वाढलेल्यांना उंदराचा चापाचा सापळा माहीत असेल. स्प्रिंग ताणून तो लावून ठेवला की काहीच घडत नाही. रात्रभर निमूट पडून असतो. उंदराचा पाय पडला की मात्र क्षणात खटका उडतो.

अन्नाची ॲलर्जी अशीच दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शरीर एखाद्या प्रथिनाला, समजा शेंगदाण्यातल्या, शत्रू समजतं आणि त्याला ओळखणारे 'आयजीई' नावाचे रेणू तयार करतं. हे रेणू कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात. सापळा लागला. या टप्प्यावर माणसाला काहीही जाणवत नाही. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं आणि त्याने शेजारशेजारचे दोन आयजीई एकदम पकडले की पेशीतला हिस्टामिन आणि इतर रसायनांचा साठा बाहेर पडतो. रक्तवाहिन्या सैल होऊन गळायला लागतात, म्हणून सूज आणि गांधी. श्वासनलिका आवळतात, म्हणून घरघर. आतडी आवळतात, म्हणून कळा आणि उलटी. हे अंगभर एकदम होऊन श्वास अडला किंवा रक्तदाब कोसळला, की त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

"अहो, पण चाळीस वर्षं कोळंबी खातोय, आताच कशी होईल?" याचं उत्तर सापळ्यातच आहे. तो कधीही लागू शकतो. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी तर बऱ्याचदा मोठेपणीच सुरू होते.

ॲनाफिलॅक्सिस हा शब्द एका बोटीमुळे आला. मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या डंख मारणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करत होते. कुत्र्यांना थोडं थोडं विष टोचलं तर त्यांना त्याची सवय होईल, असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी कमी डोसाने मिनिटांत दगावला. रिशेला यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द त्यामधल्या काळातला, १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाचा.

मला त्याहून आवडते ती १९२१ ची गोष्ट. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याला मासा व्यवस्थित पचे. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, ती मनाचा खेळ नाही, हे त्या एका गांधीने सिद्ध केलं. ते रक्तातलं 'काहीतरी' म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६ उजाडावं लागलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ते शोधलं, आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या एका गटानेही.

## बिब्बा उतला, ती पण ॲलर्जीच

रॉबिन कूम्ब्स आणि फिलिप जेल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये शरीराच्या अशा अतिरेकी प्रतिक्रियांच्या चार जाती पाडल्या. पहिली आत्ता सांगितली ती, मिनिटांत होणारी. दुसरीत शरीराचे रेणू पेशींवरच हल्ला करतात, उदाहरणार्थ चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर. तिसरीत रेणूंचे पुंजके रक्तवाहिन्यांत अडकून दाह करतात. या दोन आपल्याला आज नकोत.

चौथी मात्र कोकणी माणसाच्या घरचीच आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की एक-दोन दिवसांनी लाल फोड येतात, पाणी सुटतं, खाज थांबत नाही. आपण म्हणतो बिब्बा उतला. इथे आयजीईचा काही संबंध नाही. पांढऱ्या पेशी स्वतः जाऊन तिथे लढतात, आणि त्यांना गोळा व्हायलाच वेळ लागतो. म्हणून प्रतिक्रिया उशिरा येते आणि उशिरा जाते. घड्याळाच्या पट्ट्याखालचं पुरळही याच जातीचं, बहुतेकदा बकलातल्या निकेलमुळे.

बिब्ब्याचा रस धुतल्याने जात नाही, म्हणून धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला तो वापरत. ब्रिटिश आमदानीत त्या खुणा बरोबर कॉलरला लागत आणि गोऱ्या शिपायांच्या मानेवर चट्टे उठत. डॉक्टरांच्या पुस्तकात या चट्ट्यांना धोब्याच्या खुणेचंच नाव आहे.

बिब्बा, काजू, पिस्ता आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं, आम्रकुलातली. काजूच्या टरफलातल्या तेलाने काजू फोडणाऱ्या बायकांचे हात सोलवटतात, कैरीच्या देठाच्या चिकाने पोरांचे ओठ फुटतात, ते सगळं या चौथ्या जातीतलं. पण काजूकतली खाल्ल्यावर घसा दाटणं ही वेगळी गोष्ट. ती पहिल्या जातीची, तेलामुळे नाही तर गरातल्या प्रथिनांमुळे होणारी. ज्याला काजू चालत नाही त्याला पिस्ताही बहुधा चालत नाही, कारण दोघांची प्रथिनं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. शेंगदाणा मात्र या घराण्यातला नाहीच. तो मटार-हरभऱ्याच्या जातीचा, शेंगवर्गातला. त्यामुळे 'शेंगदाणा चालत नाही म्हणजे काजू-बदामही बंद' असं आपोआप ठरत नाही. ते तपासून ठरवावं लागतं.

आणि दूध? दुधाने पोट फुगणं हे बहुतेकांच्या बाबतीत दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडल्यामुळे होतं. त्यात रोगप्रतिकारशक्तीचा हात नाही आणि जिवाला धोकाही नाही. अशी माणसं दही, ताक मजेत पचवतात. दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र चमचाभर ताकही महागात पडू शकतं.

## कोळंबीचं झुरळाशी नातं

आता मुंबईचा खास मुद्दा. कोळंबीत ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. ते स्नायूंमध्ये असतं. १९९३ मध्ये ते ओळखून दाखवणाऱ्या कामात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाचा मोठा वाटा होता, आणि त्यांनी अभ्यासलेली कोळंबी आपल्याच किनाऱ्यावरची होती. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. तळा, उकडा, वाळवून सोडे करा, ते तसंच राहतं. जवळ्यातही असतं आणि खेकड्यातही. माशात ॲलर्जी करणारं प्रथिन वेगळं, म्हणून कोळंबी न चालणारा माणूस सहसा पापलेट खाऊ शकतो. फक्त तवा आणि तेल एकच नको.

गंमत पुढेच आहे. ट्रोपोमायोसिन झुरळात असतं, आणि गादी-उशांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीच्या किड्यांतही. कोळंबी, झुरळ, किडे हे सगळे सांध्यांच्या पायांचे प्राणी, एकमेकांचे लांबचे चुलत. मुंबईची दमट हवा किड्यांना मानवते आणि झुरळांबद्दल तर मी काही सांगायला नको. वर्षानुवर्षं त्यांचा भुगा श्वासातून घेतलेल्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवले असतील, तर ते कोळंबीलाही ओळखतात.

२००३ मध्ये याचा एक सुंदर पुरावा प्रसिद्ध झाला. धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या सनातनी ज्यू लोकांची तपासणी झाली. धर्माने निषिद्ध म्हणून त्यांनी जन्मात कोळंबी खाल्ली नव्हती. तरी त्यांच्या कातडीवर कोळंबीच्या अर्काने गांध उठली. गिरगावातल्या एखाद्या पिढीजात शाकाहारी माणसाच्या रिपोर्टवर 'कोळंबी: पॉझिटिव्ह' आलं, तर त्याने दचकू नये आणि घरच्यांनी त्याच्याकडे संशयाने बघू नये.

## मग रिपोर्ट खोटा असतो का?

खोटा नसतो, पण तो अर्धंच सांगतो. सापळा लावलेला आहे एवढं तो सांगतो. उंदीर आला तर खटका उडेलच, असं नाही. सापळा नुसता लागलेला असण्याला संवेदीकरण म्हणतात, आणि ते म्हणजे ॲलर्जी नव्हे. कर्नाटकात अकरा हजारांहून जास्त प्रौढांना प्रश्न विचारून आणि त्यातल्या निवडक लोकांचं रक्त तपासून एक मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण २६.५ टक्के लोकांमध्ये कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. पण खाल्ल्यावर त्रास होतो आणि तपासणीही जुळते, असे लोक निघाले जेमतेम १.२ टक्के. म्हणजे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून पथ्य ठरवलं असतं, तर बहुतेकांचं जेवण विनाकारण तोडलं गेलं असतं.

म्हणून चांगला ॲलर्जीतज्ज्ञ आधी गोष्ट विचारतो. काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी काय झालं, याआधी तेच खाऊन काही झालं होतं का. मग हातावर अर्काचा थेंब ठेवून सुईने टोचतो, आणि पंधरा मिनिटांनी गांध मोजतो. तरी शंका उरली तर इस्पितळात, इंजेक्शन तयार ठेवून, तो पदार्थ कणाकणाने खायला घालतो. हीच शेवटची आणि सगळ्यात भरवशाची परीक्षा.

हल्ली घरी येऊन रक्त नेतात आणि दोनशे पदार्थांची रंगीत यादी पाठवतात, त्यातल्या बऱ्याच तपासण्या आयजीई मोजतच नाहीत. त्या 'आयजीजी' नावाचे दुसरेच रेणू मोजतात. ते तुम्ही काय खाता याची नोंद असतात, काय सोसत नाही याची नाही. रोज पोळी खाणाऱ्याचा गहू लाल दिसणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून टाकलंय की अन्नाची ॲलर्जी किंवा असहनशीलता ठरवायला ही तपासणी करू नये. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशा यादीवरून मुलाचं दूध, गहू, तांदूळ आणि डाळ सहा महिने बंद केली होती. पोरगं वाळलं. खाज होती ती खरजेची निघाली.

## आपल्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी कमी का?

इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी कमी आढळते, मात्र आपल्या यादीत वेगळेच मानकरी आहेत. मुंबईतल्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी १९९७ मध्ये मेथीच्या आणि २००१ मध्ये हरभऱ्याच्या ॲलर्जीबद्दल लिहिलं. हरभरा म्हणजे डाळीचं पीठ: भजी, झुणका, बुंदीचे लाडू. म्हैसूरला वांग्याच्या ॲलर्जीवर अभ्यास झालाय. माणसं जे खातात आणि ज्यात वावरतात, त्याचाच सापळा लागतो.

शेंगदाण्याचं कोडं इस्रायलमुळे सुटायला लागलं. २००८ मध्ये गिडिऑन लॅक आणि त्यांच्या लंडनच्या सहकाऱ्यांनी दोन देशांतल्या ज्यू मुलांची तुलना केली. रक्त एकाच वंशाचं. ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमधल्या मुलांत ०.१७ टक्के. दहापट फरक. इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयापासून शेंगदाण्याचे कुरकुरीत पफ चघळतात. ब्रिटनमध्ये तेव्हा बाळांपासून शेंगदाणा लांब ठेवत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००० मध्ये सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. त्या सल्ल्याने ॲलर्जी कमी होतेय असं दिसेना, म्हणून २००८ मध्ये तो मागे घेतला.

लॅक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजणं, फुटणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा तरी शेंगदाण्याचा खाऊ द्यायचा, निम्म्यांना अजिबात नाही, असं मुलं पाच वर्षांची होईपर्यंत चाललं. २०१५ मध्ये निकाल आला: न खाणाऱ्यांत ॲलर्जी १७.२ टक्के, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. ही मुलं पुढे किशोरवयात आली तरी फरक टिकून होता. सुरुवातीला सांगितलेली २०२५ ची बातमी या अभ्यासाचं फळ आहे.

का होतं असं? शरीर एकाच प्रथिनाला दोन दारांनी भेटू शकतं. तोंडातून, आतड्यातून आलेल्या गोष्टीला ते सहसा पाहुणा मानतं. फुटलेल्या कातडीतून घुसलेल्या गोष्टीला चोर. एक्झिमा असलेल्या बाळाची कातडी म्हणजे गिलावा पडलेली भिंत. घरात शेंगदाण्याचा कण हवेत, हातांना, चादरीला असतोच. तो बाळाच्या पोटात जायच्या आधी कातडीतून गेला तर सापळा लागतो. जपानमध्ये याचा दुर्दैवी दाखला मिळाला. तिथे गव्हाचं प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. आधी ही माणसं रोज गहू खात होती आणि ठणठणीत होती!

इथे आपल्या आज्यांशी थोडं भांडावं लागेल. बाळाला साय आणि डाळीचं पीठ चोळून अंघोळ घालायची आपली रीत आहे. निरोगी कातडीच्या बाळांच्या पिढ्यान् पिढ्या त्यावर वाढल्या, आणि डाळीच्या पिठाने बाळांना ॲलर्जी होते असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण कातडी कोरडी, लाल, फुटलेली असेल तर तिच्यावर खायचा कुठलाही पदार्थ चोळू नये, असं मी स्पष्ट सांगेन. तेच डाळीचं पीठ पातळ पिठल्यातून पोटात जाऊ दे.

शेंगदाणा कधी द्यायचा? सहाव्या महिन्याच्या आसपास वरचं अन्न सुरू झालं की अगदी बारीक कूट पेजेत किंवा मऊ भातात कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याने आधीच त्रास झाला असेल, तर पहिला घास डॉक्टरांना विचारून.

## 'एवढ्याशाने काय होतंय?'

होतं. सापळ्याचा चाप उडायला हत्ती लागत नाही. काही लोकांना शेंगदाण्याच्या एका दाण्याचा अंशही पुरतो. 'वरचं कूट काढून टाकलंय' हे म्हणूनच उत्तर नाही. एकाच चमच्याने दोन पातेली ढवळणं, चिक्कीच्याच ताटलीत लाडू ठेवणं, भेळवाल्याने मसाला दाणे उचललेल्या मुठीने कुरमुरे घेणं, इतकं बस्स होतं.

तेलाचं मात्र ऐकण्यासारखं आहे. शुद्ध केलेल्या, रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत. १९९७ च्या एका ब्रिटिश चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना ते तेल दिलं, एकालाही काही झालं नाही. कच्च्या, न शुद्ध केलेल्या तेलाने त्यातल्या सहा जणांना त्रास झाला. सध्या लाकडी घाण्याच्या तेलाची चलती आहे. ते चवीला छान, पण अशा माणसासाठी नको.

"लोकलमध्ये शेजारच्याने खारे दाणे खाल्ले तर?" नुसत्या वासाने अंगभर प्रतिक्रिया येत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलांना पीनट बटर हुंगायला देऊन हे तपासलेलं आहे. वास देणारे रेणू वेगळे आणि प्रथिनं वेगळी. मळमळलं, भीती वाटली तर ती खरी असते, पण ती ॲलर्जी नाही. कोळंबी उकळतानाच्या वाफेचं तसं नाही. त्या वाफेबरोबर प्रथिनं उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. स्वयंपाकघरातून बाहेर बसलेलं बरं.

"थोडं थोडं खाऊन सवय केली तर?" कल्पना बरोबर आहे, घरी करणं चूक आहे. रिशेच्या कुत्र्याची आठवण ठेवा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅमने मोजून शेंगदाण्याची पूड वाढवत नेण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. आयजीईलाच धरून ठेवणारं ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शनही २०२४ पासून तिथे अन्नाच्या ॲलर्जीसाठी देतात. याचा हेतू चुकून एखादा घास गेला तर जीव वाचावा, इतकाच आहे. चिक्कीचा पुडा फोडून बसावं असा नाही.

आणि ती आपोआप जाते का? दूध आणि अंड्याची बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची. कोळंबीची सहसा जन्माची सोबतीण.

## गोळी नव्हे, मांडीतलं इंजेक्शन

आता पुन्हा पार्ल्याच्या त्या दिवाणखान्यात. आम्ही काय चुकलो? गोळी फक्त हिस्टामिनचा रस्ता अडवते, आणि तीही अर्ध्या-पाऊण तासाने. खाज, गांधी कमी होतात. आवळलेली श्वासनलिका आणि कोसळणारा रक्तदाब यांना ती हात लावत नाही. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अन्नामुळे दगावलेल्यांचा श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला मध्यक वेळ (म्हणजे निम्म्यांना याहून कमी लागला) होता ३० मिनिटं. तेवढ्यात स्लो लोकल दादरहून जेमतेम अंधेरीला पोचते.

ॲड्रेनलिन हे एकच औषध दोन्ही बाजू सांभाळतं. रक्तवाहिन्या आवळून दाब वर आणतं, श्वासनलिका उघडतं, आणि पेशींतून रसायनं सुटणंही आवरतं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. परदेशात रुग्ण खिशात पेनासारखं इंजेक्टर बाळगतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून इथले तज्ज्ञ रुग्णाला ॲम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज देऊन, डोस लिहून, टोचायला शिकवतात.

खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी किंवा सूज आणि त्याबरोबर श्वासाची घरघर, आवाज बसणं, वारंवार उलटी किंवा चक्कर, यातलं काही आलं तर ॲड्रेनलिन आधी आणि १०८ ला फोन लगेच. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच करा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून जिना उतरवू नका. दाब कोसळलेला माणूस उभा राहिल्यावर हृदयाकडे रक्तच पोचत नाही. आम्ही मावसबहिणीला दोन मजले चालवत खाली आणलं होतं. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. बरं वाटल्यावरही काही तास इस्पितळात थांबायचं, कारण लाट पुन्हा येऊ शकते.

## पाकिटावर काय लिहिलेलं असतं

आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, एफएसएसएआयच्या, २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्य, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट (पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन) यांची नोंद सक्तीची आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाही ती माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला नाही, आणि लाल सुक्या चटणीत दाणे असू शकतात. तिथे विचारणं हाच उपाय, आणि विचारताना 'शेंगदाणा आहे का' एवढं पुरत नाही. 'कूट आहे का, चटणीत दाणे आहेत का, तेल कुठलं' असं विचारावं लागतं.

त्या यादीत हरभरा नाही, मोहरी नाही आणि तीळही नाही. अमेरिकेत २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची झाली. आपण संक्रांतीला तो घरोघर वाटतो.

मावसबहिणीच्या पर्समध्ये आता चष्म्याच्या जुन्या डबीत दोन ॲम्प्यूल आणि सिरिंज असते. तिच्या नवऱ्याने मोसंबीवर टोचून सराव केलाय. पार्ल्याच्या त्या बाईंनी तिला पुन्हा जेवायला बोलावलं तेव्हा कोशिंबिरीत कूट घातलं नव्हतं. त्याऐवजी त्यांनी हौसेने तीळ भाजून, कुटून घातले होते. हिने चमचा खाली ठेवला, आणि दुसऱ्याच आठवड्यात जाऊन तिळाची तपासणी करून आली.